बांबोळीची वाट

शिरोड्याच्या माणसाला दुखणे जडले की त्याचे पाय तेरेखोलच्या खाडीपलीकडे वळतात. गोमंतकाचे बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालय त्याला तासा-दीड तासाच्या अंतरावर. परळचे टाटा रुग्णालय सुमारे पाचशे किलोमीटरांवर. नकाशाने आखलेली राज्याची हद्द रोग्याच्या हिशेबात पूर्वी कधी नव्हतीच. ती 1 जानेवारी 2018 रोजी आली. त्या दिवसापासून गोवा सरकारने परप्रांतीय रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला, आणि वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग येथील शेकडो कुटुंबांना आपण 'परके' असल्याचा शोध रुग्णालयाच्या खिडकीशी लागला. त्याच वर्षी दोडामार्गास आंदोलन झाले. अखेर महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून हा खर्च भागविण्याच्या तोडग्यावर दोन सरकारांना यावे लागले.

गोवा सरकारला या बाबतीत सरसकट दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आपल्या करदात्यांच्या पैशावर शेजारच्या जिल्ह्याचे आरोग्य किती काळ सांभाळावे, हा त्याचा प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता. लाज वाटायला हवी होती ती मुंबईच्या सचिवालयाला. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये निर्माण झाला. त्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळावयास 2021 साल उजाडले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची आई किंवा वडील आज कोकणात एकटे राहतात. चाकरमान्याच्या मनाला एक आधार असतो : आपल्या कंपनीच्या विम्यात आईचे नाव आहे. या आधाराची घडण मात्र एकदा नीट पाहिली पाहिजे. तो विमा नोकरीबरोबर येतो आणि बहुधा नोकरीबरोबरच जातो. मुलगा निवृत्त होतो तेव्हा आई पंचाहत्तरीच्या पुढे असते. म्हणजे ज्या वयात कर्करोगाची भीती अधिक, नेमक्या त्याच वयात छत्र मिटते. मग नवी पॉलिसी घ्यावी, तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल. विमा नियामकाने 2024 मध्ये तो चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, हे चांगलेच झाले. पण अर्बुद काही तीन वर्षे थांबत नाही.

ज्यांची पॉलिसी जुनी व भक्कम आहे, त्यांचा अनुभव निराळा असतो, हेही मान्य केले पाहिजे. त्यांना रांग नाही. शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळते, स्वतंत्र खोली मिळते. केमोथेरपीसाठी रात्रभर दाखल व्हावे लागत नसले, तरी तिचा खर्च विम्यात धरला जातो. अडचण सुरू होते ती बारीक अक्षरांत. खोलीचे भाडे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर अनेक पॉलिसींत केवळ भाड्याचीच नव्हे, बिलातील इतर रकमांचीही त्याच प्रमाणात कपात होते. नव्या औषधांवर पुष्कळदा निराळी मर्यादा असते. कर्करोग हा एकदा दाखल होऊन संपणारा आजार नाही. तो महिनोन्‌महिने हेलपाटे घालावयास लावतो. घरी घ्यावयाच्या गोळ्या, वारंवारच्या तपासण्या, गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, यांतले पुष्कळसे कोणत्याच विमापत्रात बसत नाही.

याउलट परळला जाणाऱ्याला उपचार उत्तम मिळतात. 1941 मध्ये टाटांच्या न्यासाने सुरू केलेले व 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे असलेले ते रुग्णालय या देशातील सार्वजनिक संस्थांचे भूषण आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. परंतु तेथील गर्दी साऱ्या देशाची आहे. तपासणी आणि अहवाल यांच्या मधले दिवस शिरोड्याच्या माणसाने काढावयाचे कोठे? दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी हजारोंना आसरा दिला. ज्यांना तो मिळत नाही, ते रुग्णालयाभोवतालच्या पदपथावर पथारी पसरतात. रेल्वे कर्करुग्णाला शयनयानात विनामूल्य नेते, सोबत्यालाही मोठी सवलत देते. सावंतवाडी ते दादर हा प्रवास त्यामुळे स्वस्त झाला, सुसह्य नाही. केमोचे औषध शिरेतून गेल्यावर उलट्या आवरीत रात्रभर डब्यात बसणे काय असते, हे सवलतीच्या नियमात लिहिलेले नसते.

तेव्हा खाजगी विमा बरा की सरकारी उपचार बरे, असा जो वाद शहरात रंगतो, तो शिरोड्यात जवळजवळ निरर्थक आहे. जिल्ह्यात कर्करोगाची पुरेशी सोयच नसेल, तर पाच लाखांची शासकीय योजना काय आणि वीस लाखांची पॉलिसी काय, दोन्ही कागद घेऊन माणसाला शेवटी जिल्ह्याबाहेरच जावे लागते. शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठणे समजू शकते. परंतु तज्ज्ञांनी एकदा औषधांचा क्रम ठरवून दिला की पुढील बरेचसे डोस प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका यांच्या देखरेखीखाली जिल्ह्यातच देता येतात. त्याला राजवाडा लागत नाही. काही खाटा, औषधांचा नियमित पुरवठा आणि बदलीची वाट न पाहणारी माणसे लागतात. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ, हे आम्ही जाणतो.

केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांच्या आत कर्करोगाची दिवसभराची उपचारकेंद्रे काढण्याचे जाहीर केले. पैकी 200 पहिल्याच वर्षी. ओरोसच्या रुग्णालयाचा त्या यादीत क्रम कितवा, तेथे खाटा किती आणि डॉक्टर कोण, हे सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात विचारावे, आणि उत्तर तारखेसह घ्यावे.