जंगल म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीने आपल्याकडून उचललेल्या शब्दांची यादी मोठी आहे. लूट, बंगला, चटणी वगैरे. हे शब्द तिकडे गेले आणि साधारण तसेच राहिले. 'जंगल'चं मात्र तसं झालं नाही. तो गेला एक अर्थ घेऊन आणि परत आला भलताच अर्थ घेऊन, आणि आम्हा गोंदियाकडच्या लोकांच्या सातबाऱ्यात जाऊन बसला.

मूळ संस्कृत शब्द 'जांगल'. चरकाने देशाचे (म्हणजे भूभागाचे) तीन प्रकार सांगितलेत: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडाझुडपांचा, हरणं बागडणारा मुलूख. तिथली माणसं काटक. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा. आता गंमत बघा. धानाच्या बांध्या, गावोगावचे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव हो, मामांनी लगेच खुश होऊ नये!), नवेगावबांधचं ते अफाट पाणी... चरकाच्या हिशेबाने आमचा बराचसा जिल्हा 'आनूप'च ठरेल. पुण्यातले मित्र "तुमच्याकडे काय बुवा, जंगलच जंगल" म्हणतात तेव्हा मला हे हटकून आठवतं.

इंग्रजीत हा शब्द छापील स्वरूपात दिसतो तो 1776 मध्ये, हॅल्हेडने हिंदू कायद्यावर केलेल्या पुस्तकात. तिथे त्याचा अर्थ पाच वर्षं पडीक राहिलेली जमीन. दाट झाडीचा उल्लेखच नाही! पुढे साहेब लोक हळूहळू कुठल्याही गच्च, वेलींनी गुरफटलेल्या रानाला हा शब्द लावत गेले. 1894 मध्ये किपलिंगचं 'जंगल बुक' आलं. त्यातलं सिवनी आमच्या शेजारच्या बालाघाटच्या पलीकडे. मग मोगलीबरोबर तो शब्द जगभर हिंडला. 1906 मध्ये अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या कादंबरीला हेच नाव दिलं, तिथे तर झाडाचं पानही नाही. 'काँक्रीटचं जंगल' आपण तिकडूनच आणलं असावं, असं मला वाटतं.

असो. शब्दांच्या प्रवासाची मजा इथपर्यंत ठीक. पण पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) 'झुडपी जंगल' नावाची जमिनीची एक जात आहे, महसुली कागदावरची. जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींतून आलेली. बाकीच्या महाराष्ट्रात ही भानगड नाही. गावाची गुरं चरायची ती ही जमीन. त्यातल्या काहींवर पुढे शाळा झाल्या, दवाखाने झाले, घरं झाली, स्मशानं झाली.

मग 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की वन म्हणजे शब्दकोशात जे वन ते वन. झालं! वर्षानुवर्षं प्रश्न लटकला, की झुडपी जंगल हे 'जंगल' आहे का? शेवटी 22 मे 2025 ला त्याच न्यायालयाने निकाल दिला, की आहे. 1996 च्या त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्यांनी ज्या जमिनी वाटल्या, त्यांच्यासाठी अपवादाची वाट ठेवली, पण तीही राज्याने रीतसर मंजुरी मागून.

आमच्या नातेवाइकांत यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, "झाड नाही तिथं कसलं जंगल?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. मूळ शब्दात झाडं विरळच होती. झुडपी हेच तर अस्सल जांगल! आणि इंग्रजी 'फॉरेस्ट'चं तरी काय? इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख तो फॉरेस्ट, मग तिथे उघडी माळरानं का असेनात. डार्टमूरचा उजाड माळही फॉरेस्टच म्हणवायचा. म्हणजे झाडं मोजून जंगल ठरवायची सवय ना आपली, ना त्यांची.

शिवाय झुडपाला कमी लेखणं आम्हाला तरी शोभत नाही. गोंदियाची विडी ज्या तेंदूपानावर चालली, ते चांगलं पान छाटलेल्या झुडपाच्या कोवळ्या फुटव्याचं. लावे, तित्तर, ससे, कोल्हे हे झुडपातलेच रहिवासी. मारुती चितमपल्लींचं नवेगाव वाचून आपण हळहळतो, आणि गावामागची बोरी-पळसाची पट्टी मात्र 'पडीक' म्हणून मोकळे होतो. (हॅल्हेडही तेच म्हणाला होता म्हणा.)

दुसरा तट निकालावर खुश आहे. त्यांना माझा प्रश्न वेगळा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सरकारनेच पट्टा दिलेल्या माणसाने शब्दकोश बघून घर बांधायला हवं होतं का? जमीन जंगल आहे हे मान्य, पण तो अतिक्रमणवाला नाही. त्याचा प्रस्ताव करणं हे काम सरकारचं आहे, त्याने तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्यात असं नाही. पण पायऱ्या कोण झिजवणार हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा तिकडच्या मंडळींनो, ज्यांची घरं किंवा वाड्या अशा जमिनीवर आहेत त्यांनी 1996 च्या आधीचे पट्टे, आदेश, पावत्या जे असेल ते शोधून ठेवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतही बघा.