एका बॅटरीवरचा भार, साऱ्या संचाला मार

माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा अमानुष असल्याचे सांगतानाच, निधी नसल्याची सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. गुजरातमधील केवडिया येथे स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने दिल्या जातात, त्या योजनेचा दाखलाही या वेळी देण्यात आला. निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र आजवर अंगबळावर पोट भरणाऱ्यांची रोजीरोटी यापुढे बॅटरीवर अवलंबून राहणार आहे. ही बॅटरी अकाली निकामी होण्याचे एक कारण अगदी क्षुल्लक वाटणारे आहे. ते म्हणजे दिवे, हॉर्न, पंखा किंवा मोबाइल चार्जरसाठी चुकीच्या जागी जोडलेल्या दोन तारा.

ई-रिक्षा काय किंवा मोठ्या रेल्वे स्थानकांवर आणि प्राणिसंग्रहालयांत फिरणारी ‘बॅटरी कार’ काय, त्यांची मूळ विद्युतरचना गोल्फच्या मैदानावरील गाडीसारखीच असते. मोटारीला ४८ व्होल्ट हवे असतात आणि ते १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजेच एकसर जोडून मिळवले जातात. गोल्फ कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्याही वापरतात. गोल्फच्या मैदानावर दिवसाउजेडी फिरणाऱ्या गाडीला दिव्यांची फारशी गरज नव्हती. गाडी रस्त्यावर आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत १९९८ मध्ये ताशी २० ते २५ मैल वेगाच्या अशा वाहनांना नियमांच्या चौकटीत आणून पुढचे व मागचे दिवे, वळण्याची खूण करणारे दिवे, आरसे आणि आसनपट्टे सक्तीचे करण्यात आले. भारतात ऑक्टोबर २०१४ मध्ये ई-रिक्षांसाठी नियम झाले आणि वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर ठरली. गाडी रस्त्यावर आली, दिवे आले. पण बाजारात सहज मिळणारे दिवे, हॉर्न आणि पंखे असतात १२ व्होल्टचे.

येथेच मोह होतो. चारपैकी एका बॅटरीच्या दोन टोकांना तारा जोडल्या की १२ व्होल्ट आयते मिळतात. दिवा लागतो, खर्च शून्य आणि गाडीही पूर्वीसारखीच धावते. नुकसान दिसू लागते ते काही आठवड्यांनी.

हिशेब साधा आहे. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर विद्युतधारा घेतात. तीन तासांत एकाच बॅटरीतून सुमारे २७ अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर तिचा चौथा हिस्सा केवळ दिव्यांनी संपवला आणि उरलेल्या तिघींना त्याचा पत्ताही नाही. रात्री गाडी चार्जिंगला लावली की चार्जरला चारही बॅटऱ्यांचा मिळून एकच दाब कळतो. एकसर जोडणीत सर्वांतून सारखीच धारा जाते. परिणामी तीन बॅटऱ्या भरून ओसंडतात, तापतात, त्यांतले पाणी उडते. तर चौथी रोज अर्धपोटी राहते. अर्धपोटी राहणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. पुढे चढावर हीच बॅटरी सर्वांआधी रिकामी होते आणि बाकीच्या तिघी तिच्यातून उलट दाबाने धारा रेटतात. चालक मग ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणून तेवढी एक बदलतो. जुन्या तिघींबरोबर नवी जोडली की विषमता पुन्हा सुरू होते.

याहून गंभीर धोका आगीचा आहे. दिव्यासाठी एका बॅटरीवरून आणि पंख्यासाठी दुसऱ्या बॅटरीवरून तारा घेतल्या आणि दोन्हींची ऋण तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडली, तर मधल्या बॅटऱ्यांची दोन टोके सांगाड्यातून थेट भिडतात. शिसे-आम्ल बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर धारा सोडते. बारीक तार क्षणात लाल होते. चार्जिंगच्या वेळी याच बॅटऱ्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, हे लक्षात घेतले तर ठिणगीची किंमत कळते.

यावरचा उपाय महाग नाही. कन्व्हर्टर नावाचा छोटा डबा संपूर्ण संचाच्या दोन टोकांना जोडावयाचा; तो ४८ व्होल्ट घेऊन १२ व्होल्ट देतो. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी वरच्याच दिव्यांसाठी संचातून सुमारे अडीच अँपिअर धारा लागते आणि तीही चारही बॅटऱ्यांतून सारखी. तीन तासांत प्रत्येकीतून आठ अँपिअर-तासांहूनही कमी खर्च. आत-बाहेरची वायरिंग परस्परांपासून अलग ठेवणारा कन्व्हर्टर, बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज आणि किल्ली बंद करताच कन्व्हर्टरही बंद होईल अशी जोडणी, एवढी पथ्ये पुरतात. हॅलोजनऐवजी एलईडी दिवे बसवले तर भार आणखी कितीतरी हलका होतो. नव्या लिथियम संचाच्या बाबतीत तर कन्व्हर्टरवाचून गत्यंतर नाही. संच फोडून आतल्या काही सेलवरून तार काढणे म्हणजे त्याच्या संरक्षक यंत्रणेलाच बगल देणे होय.

प्रश्न तंत्राचा कमी आणि जबाबदारीचा अधिक आहे. विद्युत दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्राने डिसेंबर २०२२ पासून बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या. पण या चाचण्या कारखान्यातून निघणाऱ्या बॅटरीच्या. गाडी रस्त्यावर आल्यानंतर कोपऱ्यावरच्या वायरमनने जोडलेली तार त्यात कशी सापडणार? ती सापडू शकते वाहनाच्या योग्यता तपासणीत, आणि त्याआधी खरेदीच्या निविदेत.

शासन जेथे स्वतः गाड्या घेऊन चालकांना देणार आहे, तेथे कन्व्हर्टर, फ्यूज आणि जादा उपकरणांसाठी ठरलेली जोडणीची जागा या अटी निविदेतच घालता येतील. चालकांच्या प्रशिक्षणात एक दिवस बॅटरीसाठी राखता येईल. या तरतुदींचा खर्च बॅटऱ्यांच्या नव्या संचापुढे किरकोळ आहे. तो वाचवला, तर वर्षभरात नव्या बॅटऱ्यांचे बिल चालकाच्याच माथी येईल आणि हातरिक्षेच्या ओझ्यातून सुटलेला माणूस कर्जाच्या ओझ्याखाली जाईल.