धावपट्टीपलीकडचा रस्ता

काशीच्या भोसले घाटाकडे निघालेला मराठी प्रवासी विमानाने आला तर बाबतपूरला उतरतो. तेथील धावपट्टी ४,०७५ मीटरपर्यंत वाढविण्यास केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. महामार्ग तिच्याखालून भुयारातून नेण्याची योजना आहे. हे योग्यच. रस्ता मोकळा सोडण्याची किंमत औरंगाबादने मोजलेली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी तेथून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टी संपताच बीड रस्त्यावरील कापसाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या मालट्रकवर आदळले. विमानातील ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. विमान उशिरा उचलल्याबद्दल चौकशीने वैमानिकांस दोषी धरले. पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखणाऱ्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणासही सोडले नाही. अधिकाऱ्यांस नेमका हा दुसरा भागच विसरावासा वाटतो! मुंबईत ८ जून २०२४ रोजी एक विमान उड्डाण घेत असतानाच त्याच धावपट्टीवर दुसरे उतरले. तत्काळ कामावरून दूर झाला तो नियंत्रक. त्याच्या पाळीवर माणसे किती होती, त्यांस विश्रांती किती मिळाली, याचा जाब वरिष्ठांस कोण विचारणार? अशा प्रत्येक चौकशीत नियंत्रकांच्या व विमानतळ कामगारांच्या संघटनांना स्थान मिळाले पाहिजे, आणि अहवाल संसदेपुढे आला पाहिजे.