आठाचा हिशेब

वजनमापांच्या गोंधळाने व्यापाराचे किती नुकसान होते, हे आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. एका पेठेतील शेर दुसऱ्या पेठेत निराळा, अशी स्थिती आपल्या वाडवडिलांनी अनुभविली. १९५६ सालच्या कायद्याने दशमान वजनमापांचा पाया घातला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चलनात आले आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, हा हिशेब दुकानादुकानांतून गिरविला गेला. त्या पिढीने कष्ट घेतले, म्हणून पुढील पिढ्यांचे काम सोपे झाले. आज मात्र आपण एक वस्तू दरमहा विकत घेतो आणि तिच्या मापाविषयी उदासीन राहतो. ती वस्तू म्हणजे इंटरनेटची गती.

पावत्या, करविवरणे, मालाची छायाचित्रे, बँकेचे व्यवहार हे सारे आता याच मार्गाने होते. तेव्हा तिचे माप समजून घेणे हे पेढीच्या हिशेबाचेच काम होय. बिट हा माहितीचा सर्वांत लहान अंश. आठ बिट मिळून एक बाइट होतो. सेवा विकणारा गती बिटांत सांगतो. आपला संगणक मात्र फाइलीचा आकार बाइटांत दाखवितो. म्हणून सेकंदास १०० मेगाबिट याचा अर्थ सेकंदास १२.५ मेगाबाइट. पेढीच्या हिशेबाची ६०० मेगाबाइटची फाइल ६ सेकंदांत उतरेल असे मानणाऱ्यास ४८ सेकंद थांबावे लागते. मग तो सेवेस दोष देतो. वस्तुतः भागाकारातील आठ तेवढा राहून गेलेला असतो.

याखेरीज माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पत्ता व इतर खुणा जातात. मालाबरोबर बारदानाचेही वजन होते, तसाच हा प्रकार. त्यामुळे प्रत्यक्षात १२.५ ऐवजी ११ ते १२ मेगाबाइटच पदरात पडतात. काही संगणकप्रणाली १,००० ऐवजी १,०२४ च्या पटीने मोजतात, त्याने मेगाबाइटमागे सुमारे ५ टक्क्यांचा फरक पडतो. तो लक्षात असावा, पण खरा फरक आठपटीचाच.

माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. एकाच जाहिरातीत गती मेगाबिटांत आणि साठा गिगाबाइटांत छापलेला असतो. दिवसाचा दीड गिगाबाइट साठा १०० मेगाबिटच्या पूर्ण गतीने वापरल्यास अवघ्या दोन मिनिटांत संपतो, हे त्या जाहिरातीवरून किती ग्राहकांच्या ध्यानात येईल? साठा संपल्यावर काही योजनांत गती ६४ किलोबिटवर आणतात, म्हणजे सेकंदास केवळ ८ किलोबाइट. मग ८०० किलोबाइटची एक पावती पाठविण्यास १०० सेकंद लागतात आणि गिऱ्हाईक दुकानात ताटकळते.

तज्ज्ञ म्हणतील की, तारेतून बिटच जातात, म्हणून गती बिटांत सांगणे शास्त्रशुद्ध आहे. ते मान्य. २०२३ साली भारत सरकारने ब्रॉडबँडची किमान गती २ मेगाबिट ठरविली, तीही बिटांतच. म्हणजे सेकंदास २५० किलोबाइट. परंतु माप शास्त्रशुद्ध असले तरी ते घेणाऱ्यास समजलेच पाहिजे. आपण विकतो त्या पुड्यावर निव्वळ वजन छापण्याचे बंधन आपल्यावर आहे आणि आपण ते पाळतो. मग गती विकणाऱ्यांनी पत्रकावर मेगाबिटाशेजारी मेगाबाइटचा आकडा छापावा, माहिती उतरविण्याची व पाठविण्याची गती वेगवेगळी दाखवावी, एवढी अपेक्षा वावगी नव्हे. आपल्या संघटनेने तशी लेखी मागणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर प्रत्येक सभासदाने एक गोष्ट अवश्य करावी. नवी योजना घेताना छापील गतीस आठाने भागावे, आलेल्या आकड्यातून बारदान वजा करावे आणि उरेल त्यावरच आपल्या पेढीची गरज ठरवावी. घरातील मुलांनाही हा हिशेब शिकवावा. मोजून घेणे आणि मोजून देणे यांवरच आपला व्यापार उभा आहे. न दिसणाऱ्या वस्तूस तो नियम लागू नाही, असे समजण्याचे कारण नाही.