साहेब ट्रेनिंगला गेले, आले. काउंटरवर काय बदललं?

'सर्व्हर डाऊन आहे', 'उद्या या' आणि 'साहेब ट्रेनिंगला गेलेत'. बँकेच्या दारातली ही तीन उत्तरं कडाव-कशेळे पट्ट्यातल्या माणसाला नवीन नाहीत. त्यातलं तिसरं जरा नीट बघूया. साहेब शिकून आले, पण आपल्या कामात फरक काय पडला?

शिकायची सोय नाही, असं नाही. घाट चढून गेलं की पुण्यातच राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे. दोन्ही १९६९ पासूनची. शिवाय आता संगणकावरचे कोर्स आहेत.

तरी कर्मचाऱ्यांची कुरकुर असतेच. कोर्स गर्दीतून वेळ काढून उरकायचा, उत्तरांवर क्लिक करायचं की सर्टिफिकेट हातात. शिकलेलं वापरायला मात्र माणसं अपुरी. बँक संघटनांनी २४ आणि २५ मार्च २०२५ ला संपाची हाक दिली होती. तो संप पुढे स्थगित झाला, पण पुरेशी नोकरभरती ही त्यातली ठळक मागणी होती. दोघांचं काम एकट्यावर पडलं, तर आजीबाईंना नियम समजावत बसायला वेळ कुठून आणायचा?

अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या. आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का आणि परिणाम दिसला का? सर्टिफिकेट दुसऱ्या पायरीवरच थांबतं. पुढच्या दोन पायऱ्या काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्यालाच दिसतात.

मग परीक्षा आपणच घ्यावी. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख झाली, हे शाखेत आपणहून सांगतात का? खातेदार वारल्यावर पूर्ण कागद दिल्यापासून १५ दिवसांत वारसाचा दावा निकाली निघतो का? ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन लावायला सांगतात का?

उत्तर 'नाही' असेल तर क्लार्कवर ओरडून उपयोग नाही, तोही कात्रीत सापडलेला असतो. शाखेत मराठीत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८. तक्रार कागदावर आली, तरच माणसं कुठे कमी आहेत आणि शिकवणं कुठे कमी पडतंय, हे वरपर्यंत कळेल.