किल्ली कोणाच्या खिशात होती?

मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य



मी डाय-फिटर आहे. पॉवर प्रेसवर बोटं कशी जातात हे जवळून पाहतो, म्हणून लिहितोय.

पार्ट डायमध्ये अडकतो. ऑपरेटर मोटर बंद करतो आणि तो काढायला हात आत घालतो. पण जुन्या की-क्लचच्या प्रेसचं फ्लायव्हील मोटर बंद झाल्यावरही फिरतच असतं. तेवढ्यात पायडलला धक्का लागला, किंवा झिजलेला क्लच आपसूक बसला, की रॅम खाली येतो. या प्रेसचा सुटलेला स्ट्रोक मधे थांबवता येत नाही. म्हणजे ‘मशीन बंद केली होती’ हे कामगाराचं म्हणणं खरंच असतं.

अपघाताच्या अहवालात मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून मोकळे होतात. याची मला चीड येते. चिमटा दिला होता का? रॅमखाली लावायला ठोकळा होता का? तासाचा आकडा भरायला सुपरवायझर डोक्यावर उभा होता का? हे कोणी विचारत नाही.

1923 च्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटते असं धरलं होतं, अंगठा गेला तर 30. पण अंगठ्याशिवाय व्हर्नियर सरकवून बघा. हातातलं कसब गेलं की ठेक्यावरच्या पोराला कामच उरत नाही.

चुकून चालू होऊ शकणारा स्विच बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 24 मध्येच होतं. पन्नास रुपयांच्या कुलपाचं काम आहे हे! दर 4 मार्चला सुरक्षेची शपथ होते, बिल्ले लागतात. कुलूप मात्र दिसत नाही.

माझी विनंती एवढीच. आपले अधिकारी तपासणीला आले की त्यांनी नुसती नोंदवही बघू नये. रात्रपाळीच्या हेल्परला बोलावून सांगावं, ‘अडकलेला पार्ट कसा काढतोस ते दाखव.’ तो फ्लायव्हील थांबायची वाट बघतो का, ठोकळा लावतो का, मेन स्विचला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो का, ते बघावं. आणि अपघाताच्या अहवालात कारणाच्या आधी एक रकाना घालावा: त्या वेळी किल्ली कोणाकडे होती? तिथे ‘कुलूपच नव्हतं’ असं उत्तर आलं, तर कामगाराच्या निष्काळजीपणाचा अहवाल मालकाकडे परत पाठवावा.

आपला,
एक डाय-फिटर, भोसरी