मडगार्ड हवंच, रंग परवडतो का?

मृगाचे दोन पाऊस झाले, की काळ्या रानातल्या रस्त्यांची काय गत होते ते वाचकांना सांगायला नको. चप्पल चिखलात राहते आणि माणूस पुढे जातो. अशा मुलखात गेल्या दहा-पंधरा वर्षांत चारचाकी गाड्या बऱ्याच आल्या. कुणी नवी कोरी घेतली, बहुतेकांनी जुनी आणली. गाडी आली की तिचा साजशृंगारही आला. सीट कव्हर आलं, मागच्या काचेवर नाव आलं, आणि हल्ली चारी चाकांमागे गाडीच्याच रंगात रंगवलेली मडगार्डं आली. पांढऱ्या गाडीला पांढरी, लाल गाडीला लाल. हा खर्च करावा का, असं फिरतीवर असताना लोक विचारतात. माझं मत असं, की मडगार्ड जरूर बसवावं, रंगाला मात्र पैसा घालू नये.

आपल्या गावात मडगार्ड हा शब्द तीन वस्तूंना चालतो. सायकलच्या चाकावरचा वाकडा पत्रा हे एक. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकावरचं झाकण हे दुसरं. त्यावर माणसं बसवली जातात आणि ती कधीच बसवू नयेत. तिसरं म्हणजे कारच्या किंवा पिकअपच्या चाकामागे लोंबणारी रबराची नाहीतर प्लास्टिकची पट्टी. इथे गोष्ट चालली आहे ती या तिसऱ्याची.

ही पट्टी दिसायला किरकोळ, पण आपल्या मातीत ती फार कामाची आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि जिथे लागेल तिथे चिकटून बसते. मुरमाड रानातला चिखल वाळला की झडतो, आपला चिखल वाळला की सिमेंट होतो. चाकानं उडवलेला हा चिखल दाराखालच्या पत्र्याला आणि चाकाच्या वरच्या पोकळीत थराथरानं बसतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल टिकून राहते, आणि ओल धरून ठेवलेला पत्रा आतून गंजतो. रंगाला फुगे येऊन ते आपल्याला दिसतात, तोवर गंजाचं काम पुष्कळ पुढे गेलेलं असतं.

त्यातून शेतकऱ्याची गाडी नुसती पाहुण्यांकडे जायला नसते. तिच्यातून बी येतं, खत येतं, दुधाची कॅन जाते, वेळप्रसंगी शेळीही जाते. खताची गोणी फाटकी निघाली की दाणे मॅटखाली सांडतात. युरिया हवेतली ओल ओढून घेतो हे आपण उघड्या गोणीत पाहतोच. म्युरेट ऑफ पोटॅश तर क्लोराइडचा क्षार. लोखंडाला तो मिठासारखाच बाधतो. आतून खताची ओल आणि बाहेरून चिखल, अशा दोन्हीकडच्या माऱ्यात सापडलेला दाराखालचा पत्रा किती दिवस टिकणार? शहरातली गाडी इंजिनानं म्हातारी होत असेल, आपल्याकडची पत्र्यानं होते. इंजिन खणखणीत असलेली गाडी पत्रा कुजल्यामुळे कवडीमोल भावात द्यावी लागते. घरातली एकच गाडी असेल आणि रात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस तालुक्याला न्यायची वेळ आली, तर तीच उपयोगी पडते. तेव्हा ती टिकवणं ही हौसेची बाब राहत नाही.

दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतं आणि त्या भोकांवाटे बाहेर पडतं. ही भोकं चिखलानं बुजली की पाणी दारातच साचतं. पंधरा दिवसांनी बाभळीच्या काटकीनं नाहीतर तारेच्या बोथट टोकानं ती मोकळी करावीत. याला एक पैसाही लागत नाही आणि गॅरेजवाला हे आपणहून सांगत नाही. तसंच, चिखलातून आल्यावर मोठ्या रस्त्यावर स्टेअरिंग थरथरू लागलं तर लगेच अलाइनमेंटला पैसे देऊ नका. आधी चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा बसलाय का ते पाहा. पुष्कळ वेळा थरथर तिथलीच असते.

मडगार्डाचा दुसरा उपयोग मागून येणाऱ्याला होतो, आणि मला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो. आमच्यासारखे फिरतीचे लोक मोटारसायकलवर असतात. पुढच्या गाडीच्या चाकातून निघालेली खडी हेल्मेटच्या काचेवर आदळते, चिखलाचा फवारा तोंडावर येतो आणि क्षणभर पुढचं काहीच दिसत नाही. मोठ्या माणसांचं एक सोडा. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली याच रस्त्यानं शाळेला जातात. पांढरा गणवेश चिखलानं माखला तर मुलगी अर्ध्या वाटेतून घरी परतते आणि त्या दिवसाची शाळा बुडते. गाडीवाल्याच्या हे गावीही नसतं, तो पुढे निघून गेलेला असतो. म्हणून ज्यांना गंजाचं काही वाटत नाही त्यांनीही निदान मागची दोन मडगार्डं बसवावीत.

आता रंगाचं. मडगार्ड हा गाडीचा मार खायचा भाग आहे. त्यावर खडी आपटणार, चिखल घासणार, धुऱ्यावरची काटेरी झुडपं ओरखडणार. त्यासाठीच तर ते लावायचं. असल्या भागाला गाडीच्या अंगासारखा चकचकीत रंग देणं म्हणजे नांगराच्या फाळाला वार्निश लावण्यासारखं आहे. साधं प्लास्टिक रंग सहज धरत नाही. आधी घासून, वेगळा प्रायमर मारून, मग रंग आणि त्यावर क्लिअर कोट द्यावा लागतो. यातली एखादी पायरी खालीवर झाली की रंगाचे पापुद्रे सुटतात. रबराचं तर आणखी अवघड. ते वाकतं, रंग वाकत नाही, आणि पहिल्या वाकण्यालाच तडे जातात. काळं मडगार्ड चार ठिकाणी खरचटलं तरी काळंच दिसतं. पांढऱ्यावर मात्र टवका उडाला की आतलं काळं प्लास्टिक खरजेसारखं दिसतं, आणि मग पोरगं म्हणतं, बाबा, पुन्हा रंगवून आणू.

खर्चाचा हिशेब मांडू. दुकानादुकानात भाव निराळे, म्हणून आकडे समजा म्हणूनच धरा आणि आपल्या गावचे भाव घालून पुन्हा करा. समजा, चार मडगार्डांचा संच १,२०० रुपयांना मिळाला आणि बसवायची मजुरी ३०० झाली. इथवर १,५०० रुपये. आता प्रत्येकी ६०० प्रमाणे रंगकामाचे २,४०० धरा. एकूण ३,९००. म्हणजे चिखल अडवणारी वस्तू १,५०० ची आणि तिच्यावरचा मुलामा २,४०० चा! युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. नऊ गोण्यांचे होतात २,३९८ रुपये ५० पैसे. रंगाच्या पैशात नऊ गोण्या येऊन वर दीड रुपया उरतो. (नऊ गोण्या आणून रानात ओता असं मी म्हणत नाही. युरिया आपल्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त पडतो, पण ते पुन्हा कधीतरी.)

नवी गाडी घेणाऱ्याची गोष्ट याहून वाईट आहे. शोरूममध्ये गाडी ठरते, माणूस खुशीत असतो, घरची मंडळी पेढ्याचा पुडा घेऊन उभी असतात. त्याच वेळी अ‍ॅक्सेसरीजचा कागद पुढे येतो. रंगीत मडगार्डं, मॅट, दाराच्या पट्ट्या, सगळं एका बेरजेत. 'हप्त्यात थोडाच फरक पडतो' असं सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. पण ती रक्कम कर्जात गेली की तिला व्याज लागलं. दरसाल १० टक्क्यांनी पाच वर्षांचे मासिक हप्ते धरले तर २,४०० रुपयांचे फिटेपर्यंत साधारण ३,०६० होतात. रंगाचा टवका पहिल्या पावसाळ्यात उडाला तरी व्याज पाचव्या वर्षापर्यंत चालूच. आपलं ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्यानं पडतं. गाडीचा हप्ता भरायचा म्हणून सोसायटीची मुदत चुकवली की ती सवलत गेली. एकट्या मडगार्डानं कुणी बुडत नाही हे मलाही कळतं. पण मडगार्ड, मॅट, म्युझिक आणि मोठे टायर असं करत करत पेरणीच्या तोंडावर हात मोकळे होतात, आणि बियाण्याला उधारीच्या दुकानाची पायरी चढावी लागते. उधारीत दुकानदार देईल ते वाण घ्यावं लागतं, हवं ते मिळत नाही. ही रडकथा जून महिन्यात बांधाबांधावर ऐकू येते.

यावर लोकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. 'साहेब, विकताना गाडी उठून दिसते', असं एक जण म्हणाला. जुनी गाडी घेणारा जाणता असेल तर तो सोबत मेस्त्री आणतो, आणि मेस्त्री खाली वाकून दाराखालचा पत्रा अंगठ्यानं दाबून पाहतो. रंगवलेलं मडगार्ड पाहून भाव वाढवणारा गिऱ्हाईक मला तरी अजून भेटायचा आहे. दुसरं म्हणणं हौसेचं. त्याला माझं उत्तर नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो तिथे आपण हिशेब करत नाही. मुलानं स्वतःच्या कमाईतून, रोखीनं रंगवून आणली तर बापानं कुरकुर करू नये. ज्याची गाडी डांबरी रस्त्यावरच चालते, शिवारात उतरतच नाही, त्याचा रंगही जास्त टिकेल. माझं म्हणणं शिवारात जाणाऱ्या गाडीपुरतं आहे.

याच दुकानात पुढच्या बंपरला लावायचं लोखंडी गार्डही मिळतं आणि मडगार्डासोबत ते गळ्यात मारलं जातं. ते मात्र घेऊ नका. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं अशा गार्डांवर कारवाई करावी असं राज्यांना कळवलं होतं. धडकेत समोरच्या पायी माणसाला त्यानं जास्त मार बसतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. मागचं मडगार्ड दुसऱ्याला वाचवतं, पुढचं लोखंड दुसऱ्याला मारतं, आणि गावात मान मात्र लोखंडाला!

गावच्या कारभाऱ्यांसाठीही दोन ओळी. हा चिखल डांबरी रस्त्यावर येतो कुठून? पाणंद जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथून. ट्रॅक्टर वर चढला की चाकाची ढेकळं पुढच्या पन्नास-शंभर पावलांवर पडत जातात, आणि पाऊस भुरभुरला की त्याच ठिकाणी दुचाकी घसरतात. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, काही गावांचे रस्ते झाले, पुष्कळांचे मोजणी आणि अतिक्रमणात अडकले. पुरा रस्ता होईल तेव्हा होईल. तोवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी निदान तोंडाजवळचा तुकडा दगड-मुरूम टाकून कडक केला, तर चाकं तिथेच बरीचशी झडतील. ट्रॅक्टरवाल्यानंही सोबत फावडं ठेवावं आणि वर चढण्याआधी चाकं खरवडावीत. एका गाडीच्या मडगार्डानं जेवढं साधतं त्याहून यानं साऱ्या गावाचं भलं होईल.

बसवताना काय पाहावं ते सांगून थांबतो. आपल्या गाडीच्या मॉडेलचंच मडगार्ड मागावं, म्हणजे कंपनीच्या मूळ भोकांत स्क्रू बसतो. नवं भोक पाडावं लागलं तर उघड्या पडलेल्या कडेला तिथल्या तिथे रेड ऑक्साइड लावून घ्यावा. मेस्त्री घाईत हे टाळतो, आणि मग गंज अडवायला लावलेल्या मडगार्डापासूनच गंजाला सुरुवात होते. पुढची बसवल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून टायर घासत नाही ना ते पाहावं. मागची फार खाली लोंबती ठेवू नयेत. गाडी मागे घेताना धुऱ्यावर किंवा दगडावर टेकली की टायर आणि दगड यांच्यात सापडून मडगार्ड उपटून येतं आणि स्क्रूसोबत पत्राही फाटतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मडगार्डाच्या आतल्या बाजूचा चिखल काढावा. फवारणीच्या एचटीपी पंपानं हे काम झकास होतं, मात्र पंप आधी स्वच्छ धुतलेला असावा आणि गाडी विहिरीच्या काठावर धुऊ नये. गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासायची जुनी खोड काहींना आहे. त्यानं रबरी बुश फुगून खराब होतात आणि ऑइल गळून मातीत जातं. त्याऐवजी रंगाचे वाचलेले पैसे घेऊन पावसाळ्याआधी गॅरेजमध्ये जावं आणि खालून अंडरकोटिंगचा भाव विचारावा.